बाईंची अडचण

मी मडकं पुढं केलं आणि दत्तानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

पहिल्या बाकावरचा पोरगा. हुशार. गणित विचारलं की वर्गात त्याचाच हात आधी वर जायचा. त्या दिवशी तोच हात पाठीमागं.

मला वाटलं, लाजतोय. म्हटलं, "अरे, घाल की हात. डोळे मीट आणि एक मणी काढ."

तो बाकाकडं बघत म्हणाला, "बाई, घरी सांगितलंय. तुमच्या मडक्यात हात घालायचा न्हाई."

उद्धटपणे नाही बोलला. गृहपाठ राहिला की पोरं बोलतात, तसं बोलला. त्याचाच मला जास्त मार बसला.

मी मडकं शेजारच्यापुढं नेलं. त्यानं हात काखेत दाबून धरले. त्याच्या मागच्यानं मान हलवली. मुलींच्या रांगेत गेले. मुलींनी हात परकराच्या घोळात लपवले. कोणी माझ्याकडं बघेना. मी एकेका बाकापुढं मडकं धरत चालले होते, जशी काही भीक मागत होते. थांबायला हवं होतं. पाय थांबेनात.

शेवटच्या बाकावर रखमा होती. गावाच्या खालच्या अंगाला जी वस्ती, तिथली. आमच्यातली. अख्ख्या नववीत आमची ती एकटीच. ती उठली, डोळे गच्च मिटले, मडक्यात हात घातला आणि मणी काढून तळहातावर धरला.

"बाई, लाल."

आणि वर्ग हसला.

कोणी काही बोललं नाही. नुसते हसले. कोणी हात घालायचा आणि कोणी नाही, हे त्या हसण्यानं सांगून टाकलं. रखमाचा चेहरा पडला. तिला कळलंच नाही, आपण काय चुकलो.

मी पाठ फिरवली. फळ्यावर लिहिलं, लाल. खडू मोडला. मोडक्या खडूनं पुढचं लिहीत राहिले, कारण तोंड वळवायची माझी हिंमत नव्हती.

बाहत्तरच्या आगंमागंची ही गोष्ट. श्रीगोंदा तालुक्यातलं गाव. एका बाजूला उसाचे फड, दुसऱ्या बाजूला माळ. मी मूळची जामखेडकडची. तिकडं पाऊस नाही, काम नाही. आमची माणसं कोयता घेऊन ऊस तोडायला इकडं यायची. मीही आले, पण हातात बी.एस्सी.ची पदवी घेऊन. नगरच्या कॉलेजात शिकले होते. शाळेत एक वर्षाची तात्पुरती नेमणूक मिळाली. घराण्यात पगार घेणारी पहिली मीच.

त्या सुमारास गणिताचं पुस्तक बदललं होतं. नवीन गणित म्हणायचे. त्यात शेवटी एक धडा होता, संभाव्यता. आमच्या शाळेत गणिताचे एक थोरले सर होते. त्यांनी तो धडा बघितला आणि पुस्तक मिटलं. म्हणाले, "नाणं उडवा, फासे टाका. हा काय जुगाराचा अड्डा आहे? मी नाही शिकवायचा. नव्या बाईंना द्या."

मला दिला. मी खूश झाले.

का खूश झाले ते सांगते. आमच्या घरात सगळं नशिबावर घातलेलं असायचं. पाऊस आला नाही, नशीब. भाऊ तापानं गेला, नशीब. मुकादमानं मारलं, नशीब. माझी आई तर उठता बसता म्हणायची, "नशिबात आसंल ते हुईल." कॉलेजात हा विषय पहिल्यांदा शिकले तेव्हा मी वर्गातून बाहेर येऊन एकटीच झाडाखाली बसले होते. जे घडायचं ते कोणी कपाळावर लिहीत नाही. किती गोष्टी घडू शकतात ते मोजता येतं. त्यातल्या आपल्याला हव्या त्या किती, तेही मोजता येतं. हे कळल्यावर माझ्या छातीवरचा धोंडा हलला होता. तेच मला या पोरांना द्यायचं होतं.

नुसत्या फळ्यावर तो धडा कळत नाही. हातानं करून बघावं लागतं. आधी मी चिंचोके घ्यायचं ठरवलं होतं, अर्धे अख्खे, अर्धे फोडलेले. मग लक्षात आलं, फोडलेला चिंचोका बोटाला कळतो. पोरं चाचपून काढतील. म्हणून बाजारातून काचेचे मणी आणले. लाल आणि पांढरे, एकाच मापाचे. कुंभाराकडून कोरं मडकं आणलं. आदल्या दिवशी वर्गात मडकं टेबलावर ठेवून मी स्वतः हात घालून दाखवला. म्हटलं, "डोळे मिटले की हाताला रंग कळत नाही. म्हणून प्रत्येक मणी सारखा. प्रत्येकाला बाहेर यायची संधी सारखी. उद्या तुम्ही सगळ्यांनी काढायचे."

पोरांनी घरी जाऊन हे सांगितलं असणार. घरच्यांनी काय सांगितलं, ते दत्तानं मला सांगितलं.

माझी जात गावाला सुरुवातीला माहीत नव्हती. मी लपवली नव्हती. आडनावावरून कळत नव्हती आणि सरळ कोणी विचारत नव्हतं. गावात एका घरी खोली मिळाली होती. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली आणि आई टोळीबरोबर आली. एके दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेच्या पायरीशी आली. डोईला फडकं, हातापायावर उसाच्या पाल्यानं कापल्याच्या रेघा. शिपायाला म्हणाली, "माजी पोर हितं मास्तरीन हाय. तिला भेटायचंय."

शिपाई म्हणाला, "कोन गं तू? कुठली?"

आईनं गाव सांगितलं, वस्ती सांगितली, वर म्हणाली, "जय भीम म्हनत्यात आमच्यात."

तिला अभिमान होता. पोरीच्या शाळेत ती मान वर करून उभी होती. मी धावत गेले आणि तिला मिठी मारली.

त्या आठवड्यात घरमालकीण म्हणाली, आमच्याकडं पाहुणे यायचेत, खोली लागंल. मी खालच्या वस्तीत रखमाच्या घराशेजारी राहायला गेले. शिक्षकांच्या खोलीत शिपाई मला वरून पाणी ओतून द्यायला लागला. थोरले सर माझ्या शेजारची खुर्ची सोडून बसायला लागले. भांडण नाही, शिवी नाही. सगळे "बाई, बाई" करत होते. आणि सगळे जरा जरा सरकत होते.

मडक्याचा तास झाला त्याच दुपारी मी हेडमास्तरांकडं गेले. सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. वाईट माणूस नव्हता. निदान मला तसं वाटत होतं. म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका. मी बघतो. बोभाटा करू नका."

मला बरं वाटलं. वाटलं, हे पोरांना चार शब्द सुनावतील.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले. पोरं खाली मान घालून फिदीफिदी करत होती. मुली माझ्याकडं कीव आल्यासारख्या बघत होत्या. आणि टेबलाजवळ थोरले सर उभे. मडकं त्यांच्यापुढं. म्हणाले, "तुम्ही फळ्यावर सांगा बाई. मडकं मी फिरवतो. हेडसरांनी सांगितलंय."

मला काही उमगेना. सुमन नावाची एक मुलगी होती, बागायतदाराची. मायाळू पोर. ती उठून माझ्याजवळ आली आणि कानाशी म्हणाली, "बाई, तुमी खुर्चीत बसा ना. हेडसरांनी काल शेवटच्या तासाला आमा पोरींना सांगितलं."

"काय सांगितलं?"

"की बाईंना अडचन हाय. चार दिवसांची. मनून मडक्याला शिवायचं नव्हतं. पोरास्नी सांगू नका म्हनले, पर पोरास्नी कळलं."

वर्गातून बाहेर पडले ती थेट हेडमास्तरांच्या खोलीत.

"सर, हे तुम्ही सांगितलंत?"

"दार लोटा," ते म्हणाले.

मी दार लोटलं नाही.

"अहो बाई, पोरांना काहीतरी कारण द्यायला हवं होतं. पालकांचं जे कारण आहे ते मला वर्गात बोलता येतं का? कायदा आहे. शोभतही नाही. हे कारण घरोघरी पटतं. कोणाला बोट ठेवायला जागा नाही. मी तुमची अब्रू राखली."

"पण हे खरं नाही."

"खरं कशाला पाहिजे? विषय मिटला ना?"

"आणि चार दिवसांनी काय सांगाल?"

ते जरा हसले. म्हणाले, "तोवर धडा संपेल."

मी तिथं उभी होते आणि मला माझं अंग परकं वाटायला लागलं. माझी जात तोंडानं उच्चारायला यांना संकोच वाटला. माझी पाळी वर्गात सांगायला वाटला नाही. एक विटाळ झाकायला दुसरा विटाळ आणला. दोन्ही माझ्याच अंगावर टाकले. आणि वर म्हणतात, अब्रू राखली.

आमच्या घरात बाजूला बसायची चाल नव्हती. परवडणारच नव्हती. आई तसल्या दिवसांत खडी फोडायची, मोळ्या उचलायची. मुकादम तिला कधी म्हणाला नाही, बस बाई सावलीला. ज्यांच्या चालीरीतींनी आम्हाला कधी विसावा दिला नाही, त्यांची चाल आज माझ्या गळ्यात बांधली होती.

मी काही न बोलता निघाले. बोलायला लागले असते तर रडले असते. ते मला त्यांच्यासमोर करायचं नव्हतं.

संध्याकाळी आईच्या कोपीवर गेले. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी. ती चुलीशी भाकरी थापत होती. मडक्याचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गप ऱ्हा बाई. कामून वाद घालती? येक वरीस काढ. पक्की नोकरी लागू दे. आमी काय कमी ऐकलं का?"

मग मी हेडमास्तरांचं सांगितलं. तिचे हात पिठावरच थांबले. तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उलटली नाही.

"जातीवरनं बोलले आसते तर मी म्हनले आसते, सोस. मी बी सोसलं," ती म्हणाली. "पर पोरांम्होरं बाईचं आंग काढलं त्यानं? आन् ते बी खोटं?"

भांड म्हणाली नाही. गप ऱ्हा हेही परत म्हणाली नाही. करपलेली भाकरी बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

दुसऱ्या दिवशी थोरले सर पुन्हा मडक्याशी उभे होते. मी त्यांना म्हटलं, "सर, हा तास माझा आहे." आणि मडकं उचलून माझ्याकडं घेतलं.

मग मी वर्गाकडं तोंड केलं.

"तुम्हाला माझ्याबद्दल जे सांगितलं ते खोटं आहे. मला कसलीही अडचण नाही. आणि असती, तरी ती लाजेची गोष्ट नव्हती. खरं कारण मी सांगते. मी महाराच्या घरात जन्मले. आता आम्ही बौद्ध आहोत. माझा हात या मडक्यात गेला म्हणून तुमचे हात जात नाहीत. एवढंच कारण आहे. दुसरं नाही."

थोरले सर बाहेर गेले. चपलांचा आवाज हेडमास्तरांच्या खोलीपर्यंत ऐकू आला.

रखमा उठली. मी म्हटलं, "तू बस. तुझा नंबर आला की ये." तिनंच यायचं आणि बाकीच्यांनी हसायचं, हे मी पुन्हा होऊ देणार नव्हते.

मडकं टेबलावर ठेवलं. ते घेऊन फिरले नाही. म्हटलं, "ज्याला यायचं त्यानं इथं यावं. ज्याला यायचं नाही त्यानं उभं राहून सांगावं, मी का येत नाही. हात लपवून चालणार नाही."

कोणी उठेना. मला वाटलं, तास असाच जाणार. मग दत्ता उठला. टेबलापाशी आला. डोळे मिटले नाहीत, माझ्याकडंच बघत होता. हात घातला, पांढरा मणी काढला, टेबलावर ठेवला. परत जाताना हात चड्डीला पुसला. चांगला दोनदा घासून पुसला. सगळ्यांनी बघितलं. मीही बघितलं.

मी फळ्यावर लिहिलं, पांढरा.

सुमन आली. तिनं हात पुसला नाही, पण जागेवर जाऊन रडायला लागली. आणखी काही पोरं आली. रखमा तिच्या नंबराला आली. तेव्हा कोणी हसलं नाही. बरीच पोरं आली नाहीत. त्यातला एकच उभा राहून बोलला, "आमच्या आज्याला कळलं तर मारील." निदान खरं बोलला. बाकीचे बसून राहिले.

फळ्यावर थोडे लाल, थोडे पांढरे. एका पोरानं विचारलं, "बाई, मग उत्तर काय आलं?"

मी म्हटलं, "उत्तर आलं नाही. निम्मा वर्ग बसून आहे. सगळ्यांना सारखी संधी असेल तरच या धड्याचा नियम लागतो. तशी नसेल तर आधी ती करावी लागते. मग गणित."

तास संपायच्या आत अध्यक्षांना निरोप गेला होता. अध्यक्ष म्हणजे गावातले मोठे ऊसवाले. संस्था त्यांची. दुपारी मला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. अध्यक्ष खुर्चीत, हेडमास्तर उभे. मला कोणी बस म्हटलं नाही.

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या शिकवन्याबद्दल आमची तक्रार न्हाई. लई चांगलं शिकवता. पर तुमी वर्गात जात काढली. हे काय बरं केलं न्हाई."

"जात मी काढली?"

"मग कुनी काढली? आमच्या पोरांनी काढली का? ती बिचारी गप बसली हुती."

हात पाठीमागं घेणारे गप्प होते. सरकून बसणारे गप्प होते. वरून पाणी ओतणारा गप्प होता. बोलले ती मी. म्हणून जात काढली ती मी.

अध्यक्षांचा सूर मऊ झाला. "आसं करा. थोडी रजा घ्या. बाई आजारी हाईत म्हनून सांगू. गावाचं बी राहील, तुमचं बी राहील. पगार कापनार न्हाई."

हेडमास्तर लगेच म्हणाले, "हो, तब्येतीचं कारण बरं."

पुन्हा माझं अंग. परवा विटाळशी, आज आजारी. यांच्याजवळ माझ्यासाठी खरं सोडून सगळी कारणं होती.

"मी आजारी नाही," मी म्हटलं. "रजा घेणार नाही. मला काढायचं असेल तर काढा. तो तुमचा अधिकार. पण कारण तुमच्या तोंडानं सांगा. त्याच वर्गासमोर उभं राहून सांगा, ही बाई महाराच्या घरची आहे म्हणून आम्हाला नको. मी तिथंच उभी राहून ऐकीन आणि मग जाईन."

अध्यक्ष उठले. हेडमास्तरांना म्हणाले, "समजावा यांना." आणि गेले.

वर्गासमोर कोणी आलं नाही. येणार नव्हतंच. काढलंही नाही, कारण परीक्षा तोंडावर होती आणि दुसरं गणिताचं माणूस मिळत नव्हतं. मी रोज गेले. तो धडा पुरा केला. पुढचेही केले. दोन पालकांनी पोरं दुसऱ्या शाळेत घातली. शिक्षकांच्या खोलीत माझ्याशी बोलणं बंद झालं. पाणी मी घरून न्यायला लागले. दत्ताला गणितात भरपूर मार्क पडले. मी दिले, कारण ते त्याचे होते. रखमा कशीबशी पास झाली. तिला वस्तीतल्या ओट्यावर मी शिकवत होते, तरी कशीबशीच. त्या हसण्यानंतर ती वर्गात तोंडच उघडत नव्हती. पुढच्या वर्षी तिच्या बापानं तिला शाळेतून काढून कामाला लावलं. ते मला अजून सलतं.

वर्ष संपलं तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "पुढच्या वर्षी ही जागा भरायची नाही असं ठरलंय."

मी विचारलं, "कारण?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. मी बराच वेळ उभी राहिले. त्यांना बोलायची पुरती संधी दिली. ते बोलले नाहीत. जूनमध्ये त्या जागेवर दुसरे शिक्षक आले, हे मला नंतर कळलं.

मग राजूरकडच्या डोंगरातल्या एका शाळेत जागा निघाली. मुलाखतीला गेले. समोरच्यांपैकी एकानं कळवळ्यानं विचारलं, "आधीची शाळा का सोडलीत बाई? तब्येत वगैरे?"

मी म्हटलं, "तब्येत ठणठणीत आहे. मी सोडली नाही, मला काढलं. मी महाराच्या घरी जन्मले म्हणून काढलं. तुम्हालाही नको असेन तर आत्ताच सांगा. पण कारण हेच सांगा."

त्यांनी एकमेकांकडं बघितलं. एकजण खाकरला. मी मान खाली घातली नाही.

ती जागा मला मिळाली नाही. पुढची मिळाली. तिथंही पहिल्या दिवशी, कोणी विचारायच्या आत, मी माझं मीच सांगितलं. त्यानंतर प्रत्येक शाळेत सांगितलं. काहींना आवडलं नाही. काही म्हणाले, बाई, कशाला उगाळता? काही म्हणाले, तुमच्याच भल्यासाठी सांगतो, गप्प राहा.

माझं भलं आता मी ठरवते. माझ्या अंगाबद्दल, माझ्या जातीबद्दल, माझ्या येण्याजाण्याबद्दल जे बोलायचं ते मी बोलेन. दुसऱ्यानं बोलायचं असेल तर खरं बोलावं आणि माझ्या तोंडावर बोलावं. माझी अब्रू राखायला पांघरूण घेऊन कोणी आला तर त्याला सांगते, ते तुझ्या तोंडावर घे. मला नको.